पुठ्ठ्याची खिडकी

१२ ऑक्टोबर

चि. छोट्यास,

अनेक आशीर्वाद. इतके दिवस पत्र नाही, रागावू नकोस. कोर्टाने तुला घरी यायला आणि फोन करायला मनाई केली. पत्राला मोकळीक आहे. तरी मीच लिहीत नव्हते. अर्ज माझा, मग खुशाली कोणत्या तोंडाने विचारायची?

आईच्या मनगटाची जखम भरली. तू भिरकावलेल्या पेल्याने फुटलेली खिडकी मात्र अजून पुठ्ठ्यावर आहे. दोनदा काचवाला आणला, दोनदा तिने चहा पाजून परत धाडला. पोटचा पोरगा काचा बसवणारा असताना परका कशाला, म्हणते. फोडणाराही तोच, हे सोयीने विसरते. शेजारच्या तावदानाच्या पुट्टीत तुझ्या अंगठ्याचा ठसा वाळलाय; येता-जाता आई त्यावर बोट ठेवते.

मनाईची मुदत वीस तारखेला संपते. आई म्हणते, पुरे झालं, येऊ दे त्याला. तू आलास की घर भरेल. आणि तुझा आवाज चढला की आम्ही दोघी पुन्हा स्वयंपाकघराला आतून कडी लावून बसू. मला दोन्ही दिसतं. मुदत वाढवून मागू का? ज्याच्यापासून संरक्षण घेतलं त्यालाच विचारतेय, माझं मलाच हसू येतं.

माया आटू देऊ नकोस.

तुझी ताई

१५ ऑक्टोबर

ती. ताईस,

सा. न. वि. वि. तुझं अक्षर पाहून पाकीट तसंच हातात धरून बसलो. समुपदेशक बाईंकडे जातो, दांडी मारत नाही. पण परवा मालक नुसतं म्हणाला, काप तिरका गेलाय, आणि माझी मूठ वळली. उगारली नाही. पण वळली.

मुदत वाढवून घे. आईला सांग, छोट्याच म्हणाला. रागावायचं तर माझ्यावर रागावू दे.

खिडकीचं माप मला पाठ आहे. काच मी कापून ठेवलीय, बसवायला आमचे म्हातारे मिस्त्री येतील. पुट्टी ओली असताना आईने बोट लावलं तर अडवू नकोस. कधीतरी येऊन बघेन.

तुझी बोलणी खायला आसुसलेला,
छोट्या

१९ ऑक्टोबर

चि. छोट्यास,

अ. आ. मुदत वाढली. न्यायाधीश बाईंनी विचारलं, अजून भीती वाटते का. हो म्हणाले. आठवण येते का, हे त्यांनी विचारलं नाही.

आईला तुझं पत्र वाचून दाखवलं. मग म्हणाली, मिस्त्री चहात साखर घेतात का, त्याला विचारायला हवं होतं.

लोभ आहेच, तो असाच राहो.

ताई

(ताईच्या वहीत) उद्या : मिस्त्री यायच्या आधी पुठ्ठा काढून चौकट पुसून ठेवणे.