आईच्या डोक्यावरचा आकडा

सोलापूर,
१२ जानेवारी

दादा,

वयानं मोठा आहेस म्हणून नमस्कार. इकडे सगळे मजेत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. गड्ड्याची जत्रा भरलीय, होम मैदानाकडं फिरकायची सोय नाही. तू माझा नंबर ब्लॉक केलास, तेव्हा चाळिशीच्या वयात तुला पोस्टाचं पाकीट पाठवतोय.

तू पाठवलेलं खोकं मिळालं. आत चिठ्ठी नव्हती. आपला जुना गेम, दोन रिमोट, वायरी आणि ती एकुलती एक सीडी. वर मार्करनं 'अजिंक्यचं सामान'. दोघांनी रडून-ओरडून रावजीमामाकडून उकळलेला गेम एकट्या माझं सामान कधी झाला? संबंध तोडायचे तर तोंडानं बोलून तोडावेत, कुरिअरवाल्याच्या हातून नव्हे.

फेकून देणार होतो. रविवारी सकाळी सहज टीव्हीला जोडला तर चालू झाला. मेमरी कार्डात आपला डाव तसाच होता, बावीस वर्षांपूर्वीचा.

तू विसरला असशील, म्हणून सांगतो. चौकटींचं रणांगण. एकानं हलायचं, तोवर बाकीच्यांनी पुतळ्यासारखं उभं राहायचं. सैनिकांना आपण घरातली, गल्लीतली नावं दिली होती. किराणावाला धोंडप्पा तिरंदाज, मी मंत्र फेकणारा, तू अर्थातच सरदार. आणि जखमींना बरं करणारी, पांढऱ्या झग्यातली, ती मथुरा, आईच्या नावाची. आई मागं शेंगा फोडत बसायची. "आता कुणाचा डाव हाय रं?" विचारायची. "तुझा," म्हटलं की लाजायची. "मग त्या धोंडप्पाला औषिद द्या की. लई लागलंय त्याला."

सगळ्यांच्या पातळ्या बघितल्या. तू पंचेचाळीस, मी एक्केचाळीस, मथुरा एकोणीस. त्या गेममध्ये मारणाऱ्याला गुण जास्त, बरं करणाऱ्याला कमी. अख्ख्या खेळात आपण तिला मागं उभी करून नुसती राबवून घेतली. आधी तुझा राग आला. मग आठवलं, दुसरा रिमोट माझ्याच हातात असायचा.

आणि मोठेपणी तरी काय केलं? अण्णा गेल्यावर तू कॉम्प्युटरवर आईचा तक्ता काढलास. चार महिने पुणे, चार महिने सोलापूर. तुझे महिने हिरवे, माझे पिवळे. छापून माझ्या फ्रिजवर तूच चिकटवलास. तुझी गाडी टेंभुर्णीच्या नाक्यापर्यंत, माझी गाडी टेंभुर्णीच्या नाक्यापर्यंत. एका डिकीतली पिशवी दुसऱ्या डिकीत. "अर्धा रस्ता इंदापूरला होतो, मी टेंभुर्णीपर्यंत येतो," हेही तू दर वेळी ऐकवायचास. आई गाडीत बसून घ्यायची. मी तिला एकदाही विचारलं नाही, तूही नाहीस.

आई गेली त्याच्या आदल्या वर्षी तू तिला न्यायला दहा दिवस उशिरा आलास. ऑफिसचं काम म्हणालास, आणि वहिनींच्या स्टेटसवर महाबळेश्वर. तेव्हाच मी ठरवलं होतं, यापुढं आपणही एक दिवस जास्त ठेवून घ्यायचं नाही. चूक तुझी होती. ते मी आजही म्हणेन.

रविवारी मी तो जुना डाव पुढं खेळायला घेतला. दुसऱ्याच लढाईत मथुरा पडली. पडलेल्या माणसाच्या डोक्यावर तीन आकडा दिसतो. तीन फेऱ्यांत कुणी पोचलं नाही तर तो माणूस कायमचा गेला. मी दोन घरं लांब होतो. पण समोर शत्रूचा सरदार अर्धमेला उभा होता. आधी त्याला संपवू म्हटलं. मग दोन झाले, मग एक. मग ती गेली. मी बटण दाबून लढाई पहिल्यापासून सुरू केली, आणि ती उभी राहिली, काही घडलंच नाही अशी. दादा, मी रिमोट खाली ठेवला आणि रडलो. ही आणि पोरं स्वयंपाकघरातून बघत होती.

आता ऐक. तेराव्याला मामांनी सगळ्यांसमोर वहिनींना विचारलं, "आठ दिसात म्हातारीची काय दशा केली गं, आरोही?" तू माझ्याकडं वळून म्हणालास, "अज्या, तिकडं तिला ताप होता का?" मी म्हणालो, "नाही. माझ्याकडून निघाली तेव्हा ठणठणीत होती." वहिनी उठून आत गेल्या. त्या दिवसापासून सगळी भावकी त्यांनाच बोलते, आणि त्या सोलापूरला आल्या नाहीत.

ताप होता. तीन दिवसांपासून. एकतीस जानेवारीच्या सकाळी आई म्हणाली, "अजून चार दिस ऱ्हाऊ का रं? अंग मोडून आलंय." मी म्हणालो, "उद्यापासून दादाचे महिने." निघताना तिला तापाची गोळी दिली. आजारासाठी नाही दिली. टेंभुर्णीला तू पाया पडशील, ती तुझ्या गालावरून हात फिरवेल, तेव्हा तुला तिचा हात गरम लागू नये म्हणून दिली. मोहोळ गेल्यावर सांगितलं, "तापाचं बोलू नकोस, दादा परत पाठवेल." ती म्हणाली, "न्हाय सांगत." आणि तिनं सांगितलं नाही. छाती भरेपर्यंत तुम्हाला सांगितलं नाही. वहिनींना कळणार कसं?

हे मी हिलाही सांगितलेलं नव्हतं, काल सांगितलं. ती माझ्याशी बोलत नाही.

माफी मागत नाही. तू देऊही नकोस. तुझा तक्ता, तुझं इंदापूर, तुझे दहा दिवस, सगळ्याचा राग अजून तसाच आहे. पण वहिनींवरचा आळ खोटा आहे, आणि तो माझा आहे. पुढच्या महिन्यात वर्षश्राद्धाला मामा, भावकी, सगळे जमतील. पानं वाढायच्या आधी हे पत्र मोठ्यानं वाच. मी तिथंच बसलेला असेन, उठून जाणार नाही. तुझ्याच्यानं वाचवलं नाही तर वहिनींच्या हातात दे, त्या वाचतील. एक ओळही गाळू नका.

तापात आईला गाडीत बसवणारा,
अजिंक्य