तीनदा गाळलेलं सूप

३ मार्च
माझ्या हातचं, कुणी न शिकवता: तेलाच्या डब्याची कोळशाची शेगडी. बांबूच्या कड्यावर सुती कापड ताणून केलेली गाळणी. गोधडीचं अस्तर लावलेला लाकडी डबा – हॉस्पिटलमागच्या गल्लीत रुग्णांच्या नातेवाइकांसाठी असलेल्या सामाईक चुलींपासून कॅन्सर वॉर्डापर्यंत सूप दोन अंशसुद्धा निवत नाही. मोजलंय! आणि सूप – म्हातारी कोंबडी, चार तास मंद आच, तीनदा गाळून. वाटीच्या तळाला रंगवलेला मासा स्वच्छ दिसतो.
यीनिंग, माझी मुलगी, वय सहा. वजन १५.१ किलो.

५ मार्च
आहार बघणाऱ्या न्ये बाई आल्या. पंचविशीची पोर! "काका, सूप छान. कोंबडी कुठाय?"
"कस सगळा सुपात उतरला. चोथा फेकला."
"तो चोथाच तिला हवाय. तुम्ही पाणी पाजताय."
पाणी! माझ्या आईने याच सुपावर गावातल्या बाळंतिणी उभ्या केल्या.
वजन चौदाच्या खाली गेलं तर औषधाची पुढची फेरी थांबेल म्हणे.

९ मार्च
१४.६.

१२ मार्च
मी टाकलेली कोंबडी शेजारच्या चुलीवरच्या तान आजी उचलून नेतात. त्यांचा नातू यीनिंगच्याच वॉर्डात. "देवमाणूस आहेस बाबा! रंगीत पाणी तुझं, मांस आमचं." खो खो हसल्या.
नातू सातशे ग्रॅमने वाढलाय.

१४ मार्च
"बाबा, छान झालंय. पण तोंडात टोचतं. नको."
बायको च्याओझेन जिन्यात म्हणाली, "पोरीसाठी रांधतोस, की गल्लीने वाहवा करावी म्हणून?"
गाळणी धुतली.

१७ मार्च
१३.८. फेरी थांबली.
आज कोंबडी वाटून सुपात कालवली. गाळली नाही. दोन चमचे गेले – उलटून पडले.
न्ये बाईंना स्वतः गाठलं. म्हटलं, नाकातून नळी घाला, दूध द्या, काय हवं ते करा. त्यांनी रक्ताचा रिपोर्ट पुढे धरला. "प्लेटलेट्स घसरून नऊ हजारांवर आल्यात, काका. तोंडभर फोड. नळीने खरचटलं तर रक्त थांबणार नाही. शिरेतून थोडं देऊ. पण दोन आठवड्यांपूर्वी..."

१८ मार्च
५ तारखेची एक नोंद राहिली. न्ये बाई त्या दिवशी नळी आणि दोन महिन्यांचं पोषक दूध घेऊन आल्या होत्या. एका संस्थेतर्फे, फुकट. फक्त माझी सही हवी होती. "माझी पोर माझ्या हातचं खाते," म्हणून परत पाठवलं. च्याओझेनला अजून माहीत नाही. खोक्यावर किंमत होती: चार हजार आठशे साठ युआन.