अनुपमाचे पाच भाग आणि माझं नियोजन

३ फेब्रुवारी
आमच्या अनुपमानं पाच भागांचं संगीत रचलंय. व्हायोलिन, चेलो, क्लॅरिनेट, पियानो आणि आपलं संबळ. श्रोत्यांसमोर, सलग वाजवून रेकॉर्डिंग पुण्याच्या एका संस्थेला पाठवायचं. निवडलं तर दोन वर्षांची शिष्यवृत्ती. न्हावऱ्याच्या देवळाचा सभामंडप फुकट मिळतो हे मीच सुचवलं. माझ्याकडे एकच काम, लोकांना गप्प बसवणं. त्यात काय!

७ फेब्रुवारी, दुपार
सराव ऐकला. मला सगळं समजलं. हे मात्र म्हणाले, "अजून वाद्यंच जुळवत्यात व्हय?" यांना कानच नाही.
चाल नेमकी कुठून सुरू होते ते उद्या बघते.

८ फेब्रुवारी
घड्याळ लावलं. दर दोन भागांच्या मध्ये अर्धं मिनिट सगळे नुसते बसून राहतात. असं चार वेळा. अनुपमा म्हणाली, "आई, ती शांतता संगीतातलीच आहे." मी हो म्हटलं. पण माईक चालू, माणसं जमलेली, आणि दोन मिनिटं वाया?

१२ फेब्रुवारी
चार जागा, चार सत्कार. नारळ, टोपी, टॉवेल. यांच्यावर सराव केला, बावीस सेकंद लागले. अनुपमाला सांगितलं नाही. खूश होईल.

१६ फेब्रुवारी, संध्याकाळ
पहिला सत्कार, सरपंच मारुतराव, वेळेत. दुसरे सोपानआप्पा. त्यांनी माईक धरला. "दोनच शब्द बोलतो," म्हणाले आणि उसाच्या तोडणीवर सतरा मिनिटं बोलले. पियानोवरून अनुपमा डोळ्यांनी खुणावत होती. मी आप्पांची टोपी सरळ केली.
तिसऱ्या भागात संबळ अगदी हळू झालं. यांची बहीण, वच्छलावन्सं, मोठ्यानं म्हणाल्या, "संपलं जणू!" लोक उठायला लागले. त्यांना थांबवायचं म्हणून मी आरती सुरू केली. सगळे थांबले! पण आरतीनंतर प्रसाद, आणि प्रसाद घेतला की घर, हा गावचा शिरस्ता. उरलेले दोन भाग सतरंज्यांनी ऐकले.
रेकॉर्डिंगमध्ये आरती फार स्वच्छ आलीय.

२ मार्च
संस्थेनं मुदत वाढवली. अनुपमा आता पुण्यात हॉल घेतेय. फोनवर तारीख विचारली. "कळवते," म्हणाली. यावेळी भाषणं बंद, हे मी ठरवूनच टाकलंय.

९ मार्च
यांच्या मोबाइलवर फोटो आलाय. कार्यक्रम काल झाला. कामाच्या गडबडीत कळवायचं राहिलं असणार.
पहिल्या रांगेत वच्छलावन्सं. गप्प बसल्यात.