मोकळं म्हणजे काय

३ जुलै
पा. सरांचा पेपर हाती लागला. पाटणेकर सर, माझे गाईड. धारवाडच्या परिषदेत वाचणार. प्रयोग माझा, फोटो माझे, नाव एकट्याचं. मी आभारात, तेही नुसत्या पहिल्या नावानं. शहापूरच्या खोलीवर येईस्तोवर नुसती दातओठ खात होते. सोडणार नाही.

४ जुलै
सरांचा पहिल्यापासून एकच धोशा: "ह्या प्रोटीनची शेपटी उडव गं. आकार न्हाय, घडी न्हाय, नुसती लोंबते."
उडवली. न उडवलेलंही ठेवलं. पेशीच्या पडद्याची नक्कल म्हणून बनवलेल्या मेदाच्या फुग्यांवर दोन्ही सोडून पाहिली. शेपटीवाल्यांनी एकमेकांत गुंतून पडद्यावर बेटं केली, जवळचे मेदही गोळा केले. बिनशेपटीची नुसती सगळीकडे सारखी पसरली. म्हणजे पेशीच्या पडद्यावर कुणी कुठं बसायचं, हे ती लोंबणारी शेपटीच ठरवते! हे दिसलं त्या दिवशी आनंदानं रडले होते. सर म्हणाले, बघू.

६ जुलै
पेपर नीट वाचला. हसू आवरेना. फोटो उलटे लावलेत!
एका फाइलला मी ‘मोकळं’ नाव दिलेलं. म्हणजे मोकळ्या शेपटीचं. त्यांनी घेतलं, शेपटीतून मोकळं झालेलं. बेटं बिनशेपटीच्या खात्यावर. निष्कर्ष काय, तर शेपटी अडथळा आणते. मनात होतं तेच दिसलं त्यांना.
वाचू देत. भर सभेत कुणीतरी धरेलच. मी पहिल्या रांगेत बसणार.

७ जुलै
सदलग्याहून आक्काचा फोन. सगळं ओकले.
"सांगून टाक की गं त्यास्नी."
"न्हाय सांगणार."
"आणि कुणी धरलंच न्हाय तर? तुझ्या शेपटीचं खोटंच छापून येणार व्हय?"
फोन ठेवला. राग आक्काचाच आला. जेवले नाही.

१० जुलै
धारवाडला निघायची गाडी खाली उभी. सर लॅबमध्ये आले, लॅपटॉप उघडाच. दार लावून घेतलं.
"मोकळं म्हणजे गं? शेपटी असलेलं का नसलेलं?"
कुणीतरी शंका काढली असणार. चेहरा उतरलेला. बघून बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.
म्हटलं, "पहिलं पान काढा सर."
काढलं. स्वतःच्या नावाकडे बघत राहिले. खालून हॉर्न वाजला. मग टाइप करायला बोटं ठेवली आणि विचारलं,
"तुझं पूर्ण नाव काय गं?"
इतकी वर्षं ह्यांच्या हाताखाली काढली.
अजून ना नाव सांगितलंय, ना मोकळं म्हणजे काय ते. सर समोरच बसलेत.