छातीवरचं बक्कल

सर,

माझ्या शब्दावर तुम्ही कधी विश्वास ठेवला नाहीत. "पट्टे लावलेत" म्हटलं तरी वाकून एकेक पट्टा स्वतः ओढून बघायचात. मला त्याचा भयंकर राग यायचा. सोलापूरचा उन्हाळा, ग्लायडरचं कॉकपिट म्हणजे भट्टी, त्यात पाठीला पॅराशूटचं गाठोडं. एकदा उतरल्यावर मी बसल्या जागीच छातीवरचं बक्कल सोडलं, पॅराशूट सीटवर ठेवलं आणि हलकी होऊन बाहेर आले. सगळेच तसं करायचे. पण तुम्ही मलाच धरलंत, पुन्हा आत बसवलंत. "हाताला डोकं नसतंय, पोरी. खाली रोज जे करतो, तेच त्यो वर करणार की. वर काय मोडलं, घाईत कॉकपिटचं झाकण फेकलंस, सीटचे पट्टे सोडलेस, अन् सवयीनं ह्ये बी सोडलंस, तर उडी कशाच्या जिवावर मारशील?" मग घामानं निथळेपर्यंत मला पॅराशूट घालूनच चढायला-उतरायला लावलंत.

तुम्ही गेल्यापासून तुमच्या जागी मी आहे. माझी लेक उद्या पहिल्यांदा एकटी उडणार आहे आणि परवानगी मी द्यायची आहे. माझ्यासमोर ती नीट उतरते, पण माझ्यामागे काय करते कुणास ठाऊक. म्हणून आज "नवी पेठेत जाऊन येते" अशी थाप मारली आणि हँगरच्या आडोशाला उभी राहिले. ती दुसऱ्या सरांबरोबर उडून आली. झाकण उघडलं, सीटचे पट्टे सोडले, गाठोड्यासकट बाहेर पडली, चार पावलं लांब गेली आणि मगच बक्कल सोडलं. मग थेट माझ्या दिशेनं ओरडली, "आई, नवी पेठ तिकडं नाही की!"

म्हणजे मी बघतेय हे तिला माहीत होतं. माझा संशय आणखीच वाढला. तसं बोलूनही दाखवलं. ती शांतपणे म्हणाली, "तू उतरतेस तेव्हा मीपण बघते. गुडघे दुखायला लागल्यापासून तू आतच सोडतेस." मी साफ नाही म्हटलं. तिनं ऐकून घेतलं नाही. पॅराशूट घालून मला उभ्या ग्लायडरमध्ये बसवलं, सगळे पट्टे आवळले आणि संध्याकाळी भाजी काय करायची, असलं काहीबाही बोलत राहिली. मी मेथी म्हणत होते, तेवढ्यात तिनं कानाशी किंकाळी फोडली, "बाहेर!"

सर, माझा हात आधी छातीवर गेला. बक्कल सुटल्याचा आवाज आम्ही दोघींनी ऐकला. बराच वेळ ती माझा हात घट्ट धरून उभी होती.

उद्या ती उडेल. माझं उडणं मात्र तिनं बंद केलंय, हाताची खोड जाईपर्यंत. मी मुकाट्यानं ऐकलं. या पत्राला पत्ता नाही, ते एक बरंच आहे. समोर तुम्ही असता, तर मी अजूनही नाहीच म्हटलं असतं.