अकराव्या प्रश्नाचं उत्तर

१२ मार्च

ती. स्व. वकीलकाकांना,
साष्टांग नमस्कार.

तीन वर्षांनी माझं अक्षर पाहून तुम्ही आधी पाकिटावरचा शिक्का वाचला असेल, मग चष्मा पुसला असेल आणि मग काकूंना ‘अगं, पेन्सिलीचं पत्र!’ अशी हाक मारली असेल. निदान तसं झालं असावं असं मला वाटतंय. इकडे आम्ही सगळे मजेत. नवऱ्याचं काम मार्गी लागलं. लेक दुसरीत गेली आणि माझ्या उच्चारांना हसायला शिकली. काकूंचा गुडघा कसा आहे? कारकूनमामा अजून प्रत्येक फाइलीला दोन-दोन गाठी मारतात का?

मी एका वकिलांच्या कचेरीत आहे. आहे म्हणजे कागद लावते, पानांवर आकडे घालते, शिक्के मारते. ज्या वकीलबाईंसाठी हे करते त्या सव्वीस वर्षांच्या आहेत, स्वभावाने गोड. काल त्यांनी मला फाइल कशी बांधायची ते नीट दाखवलं आणि मी मान डोलावून नीट पाहिलं. नऊ वर्षं तुमच्या हाताखाली काढलेल्या बाईला फाइल बांधायला शिकवलं! हे तुम्हाला कळवायलाच हवं होतं. खिडक्या हलतील असं हसणारं दुसरं कोणी माझ्या ओळखीचं नाही.

माझी सनद इथे चालत नाही. चार पेपर द्यायचे, एक वर्ष कोणाच्या तरी हाताखाली काढायचं आणि वर्तनाच्या चौकशीतून पार पडायचं, मग इथल्या वकील मंडळाची सनद. म्हणून संध्याकाळी वर्गाला जाते. शेवटच्या बाकावर आम्ही चौघं, चौघांचे देश वेगळे आणि चौघंही तिकडे कोर्टात मुरलेली. पांढऱ्या मिशांचे एक सरकारी वकील आहेत. त्यांच्याकडे परीक्षाच नसते. पाच वर्षं एका वरिष्ठाच्या मागे बॅग धरून चालायचं आणि एके दिवशी तो म्हणतो, ‘हं, झालास.’ ते म्हणणं ऐकायला यांना सात वर्षं लागली. दुसरी बाई न्यायाधीश होती. तिच्याकडे तीन परीक्षकांपुढे तोंडी परीक्षा, जन्मात फक्त तीनदा बसता येतं. ती तिसऱ्यांदा पास झाली. आम्ही बोलताना अडखळलो की अजून म्हणते, ‘पुढे बोला.’ तिसरा सगळ्यात नशीबवान. पदवी घेतली, अर्ज भरला, शपथ घेतली, झाला वकील. आता चौघांनाही एकाच पायरीवर बसवलंय. मधल्या सुट्टीत आम्ही एकमेकांना ‘माझे विद्वान मित्र’ म्हणतो आणि बिस्किटं वाटून खातो.

त्यावरून आठवलं. समोरच्या बाजूचा वकील कितीही दिवे लावणारा असला तरी तुम्ही त्याला ‘माझे विद्वान मित्र’ म्हणायचात. मी एकदा विचारलं होतं, मला कधी म्हणाल? तुम्ही म्हणालात, ‘माझ्या समोर उभी राहशील तेव्हा. तोपर्यंत तू पेन्सिल.’

परवा मुदती कशा मोजायच्या ते शिकवलं. तो धडा जरा जड गेला. असो.

तर विनंती अशी की, मी नऊ वर्षं तुमच्याकडे काम केलं आणि माझं वर्तन चांगलं होतं, असं प्रमाणपत्र तुमच्या सहीनिशी हवं आहे. तुम्ही ईमेलला उघडं पाकीट म्हणता, शिवाय मंडळालाही शाईची सहीच लागते. मी भरत असलेल्या अर्जाची झेरॉक्स सोबत ठेवली आहे. अर्ज एप्रिलअखेर द्यायचा आहे. नाही जमला तर वर्ष गेलं.

काकूंना नमस्कार.

तुमची
पेन्सिल


२७ मार्च

चि. पेन्सिल हिस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. पाच पानं, आणि मुद्दा पाचव्या पानावर. न्यायाधीश चौथ्या पानावर झोपतो, हे मी तुला किती वेळा सांगितलं होतं?

फाइल बांधण्याचं वाचून हसलो. काकू स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिचा गुडघा बरा आहे. कारकूनमामा आता तीन गाठी मारतात.

अर्ज वाचला. बारा प्रश्नांपैकी अकरा शाईने भरले आहेस. अकरावा कोरा. नीट पाहिलं तर तिथे पेन्सिलीने काहीतरी लिहून खोडलेलं आहे. झेरॉक्समध्येसुद्धा दिसतं. ‘नाही’ असं लिहिलं होतंस. प्रश्न असा आहे: ‘आपल्या हातून पक्षकाराचं नुकसान झालं किंवा होऊ शकलं असतं अशी चूक झाली आहे काय? असल्यास तपशील द्यावा.’

हे बघ. शिवणकामवाल्या बाईंच्या अपिलाला तीन दिवस उशीर झाला, तो का, हे मी भर कोर्टात सांगितलं आहे. मुदतीची मोजणी माझी चुकली. तसं लेखी आहे. कागद हेच सांगतो आणि मंडळ कागदच बघतं. तू शाईने ‘नाही’ लिही आणि मोकळी हो. प्रमाणपत्र टाइप करून ठेवलं आहे. तू लिहिलंस असं कळव, लगेच रवाना करतो.

अभ्यास रोज कर. जेवण टाळू नकोस.

वकीलकाका


११ एप्रिल

ती. स्व. काकांना,
साष्टांग नमस्कार.

या वेळी मुद्दा पहिल्या ओळीत. माझी हरकत आहे.

मोजणी तुमची चुकली नव्हती. माझी चुकली होती. निकालाची नक्कल मागितली त्या दिवसापासून ती तयार होईपर्यंतचे दिवस मुदतीतून वगळायचे, हे तुम्ही मला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. नक्कल शुक्रवारी तयार झाली. मी ती आणायला सोमवारी गेले आणि सोमवारपर्यंतचे दिवस वगळले. डायरीत शेवटची तारीख लिहिली ती पेन्सिलीने, माझ्या अक्षरात. त्या बाईंचं दुकान दाव्यातल्या त्या एका खोलीत होतं. दोन मशिनं, एक आरसा आणि भिंतीला लावलेले लोकांचे कपडे. अपील आत घेतलं नसतं तर त्या रस्त्यावर आल्या असत्या, माझ्या तीन दिवसांमुळे.

तुम्ही कोर्टात उभे राहिलात आणि म्हणालात, ‘चूक माझी आहे.’ साहेब म्हणाले, तीस वर्षांत पहिल्यांदाच ऐकतोय, आणि विलंब माफ केला. मी तुमच्या मागच्या खुर्चीवर होते. उठून उभं राहायला अर्धा क्षण पुरला असता. मी बसून राहिले.

त्यानंतर आणखी एक झालं. ते मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. आठवड्याभराने वकिलांच्या खोलीत चहा चालला होता. कोणीतरी म्हणालं, ‘काकांचं वय झालं आता, बोटं मोजतानाही चुकतात.’ सगळे हसले. काका, मीही हसले. कप हातात होता, तोंडात घोट होता, आणि मी हसले. मान वळवली तर तुम्ही दारात उभे. ‘चल, पेन्सिल, तीन नंबरला पुकारा झालाय,’ एवढंच म्हणालात.

पुढच्या महिन्यात दोन पक्षकार तुमच्याकडच्या फायली घेऊन गेले. आठ महिने मी रोज सकाळी ठरवायची, आज बोलते. मग नवऱ्याची बदली इकडे झाली आणि मला सुटल्यासारखं वाटलं. टेबलाच्या खणाची किल्ली कारकूनमामांच्या हाती पाठवली. निरोप घ्यायलाही आले नाही. मला लाज वाटत होती, आणि अजून वाटते. तीन वर्षं पत्र न लिहिण्याचं दुसरं काहीही कारण नव्हतं.

मुदतीचा धडा झाला त्या संध्याकाळी मी वर्गातल्या न्यायाधीशबाईंना सगळं सांगितलं. मध्ये तीनदा अडखळले, तीनदा त्या ‘पुढे बोला’ म्हणाल्या. मग म्हणाल्या, ‘‘हो’ लिहिलंस तर पाच जणांच्या समितीपुढे जावं लागेल. सनद नाकारूही शकतात. पण ‘नाही’ लिहिलंस तर जन्मभर स्वतःच्याच कोर्टात तारखा पडत राहतील.’ तरी मी महिनाभर तो प्रश्न कोराच ठेवला. तुमचं पत्र आलं, त्यात सुटकेचा रस्ता आयता आखून दिलेला, आणि तो वाचताना माझ्या लक्षात आलं की मी पुन्हा तुमच्या मागच्या खुर्चीवर बसले आहे.

काल शाईने ‘हो’ लिहिलं. खाली दीड पान तपशील. कोणी मोजलं, कोणी आपल्या अंगावर घेतलं, कोण गप्प बसलं. अर्ज खिडकीत दिला आणि पोचपावती घेतली. समितीची तारीख १८ मे.

तुम्ही टाइप केलेलं प्रमाणपत्र आता चालणार नाही, कारण माझा अर्ज आणि तुमचं म्हणणं जुळत नाही. तुम्ही काही लिहायलाच हवं असं नाही. तुम्हाला अडचणीत टाकायचं नाही मला. सनद मिळाली नाही तर कागद लावीन, तेही मला चांगलं जमतं, आता शिकवलंय ना मला. पण ती मिळावी असं मनापासून वाटतं, काका. कोर्टात उभं राहावंसं वाटतं. या वेळी वेळेवर.

चुकले. मला क्षमा करा.

तुमचीच


२६ एप्रिल

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र काकूला मोठ्याने वाचून दाखवायला घेतलं. अर्ध्यावर तिने ते माझ्या हातातून घेतलं आणि उरलेलं तिनेच वाचलं.

तुझी हरकत अंशतः मान्य. मोजणी तू चुकवलीस. पण अपिलावर सही माझी होती. ज्युनिअरने मोजलेली तारीख वरिष्ठाने स्वतः मोजायची असते. ती डायरी आदल्या आठवड्यात माझ्यासमोर उघडी होती आणि मी पान उलटलं, कारण नऊ वर्षांत तुझी एकही तारीख चुकली नव्हती. तेव्हा कोर्टात मी खोटं बोललो नाही. अर्धं बोललो. उरलेलं अर्धं तुझं होतं, ते तू बोलावंस म्हणून आठ महिने वाट पाहिली. विचारलं मात्र नाही. विचारायला हवं होतं. तुला वाचवतोय अशा तोऱ्यात होतो मी, आणि मागच्याच पत्रात पुन्हा तेच करायला निघालो होतो.

चहाच्या वेळचं हसणं लागलं होतं. हो, लागलं होतं. आज सांगतो आणि आजच सोडून देतो.

जुनं प्रमाणपत्र फाडलं. मंडळाला नवीन पत्र लिहिलं आहे, त्याची प्रत सोबत. घडलं ते सगळं त्यात आहे, माझ्या वाट्यासकट. शेवटी लिहिलं आहे की त्या दिवसानंतर आठ महिने तिने प्रत्येक मुदत दोनदा मोजली आणि दोन्ही मोजण्या डायरीत ठेवल्या. त्या पानांच्या नकला जोडल्या आहेत. तुला वाटलं होतं मी डायरी बघत नाही. तेव्हापासून रोज बघत होतो.

शिवणकामवाल्या बाईंचं अपील गेल्या वर्षी आपल्या बाजूने निकाली निघालं. आता तीन मशिनं आहेत. तू समितीपुढे जाणार हे कळल्यावर त्यांनी तुझं माप विचारलं. काकूने अंदाजाने सांगितलं आहे, त्यामुळे कोट ढगळ होईल. तरी तोच घालून जा.

मंडळाला तुझी ओळख करून देताना आधी ‘माझी ज्युनिअर’ असं टाइप केलं होतं. मग आठवलं, मी कोर्टात जे सांगितलं त्याला तू तोंडावर हरकत घेतलीस, आणि ती टिकली. तेव्हा तो शब्द खोडून वर शाईने दुसरे दोन लिहिले. माझ्या पत्रात खाडाखोड नसते हे तुला माहीत आहे. ही एक आहे, आणि तिच्यावर माझी सही आहे.

१८ तारखेला ताठ उभी राहा.

तुझा
विद्वान मित्र