शेवटी येईल त्याने कडी घालावी

ता. ९ फेब्रुवारी

चि. सूनबाईस,
अनेक आशीर्वाद वि. वि.

तुझं पत्र पोचलं. फोनवर तू रडतेस आणि मी ओरडते, त्यापेक्षा पत्रच बरं, हे तुझं म्हणणं मला पटलं. पत्रात निदान नाक ओढल्याचा आवाज येत नाही.

मुख्य बातमी म्हणजे भुंग्याच्या कंपनीने त्याचा तो कॉम्प्युटरवरचा खेळ पुन्हा पुढे ढकलला. तुमच्या देशात वर्षभर लोक तो खेळताहेत, आणि बाकीच्या जगासाठी मात्र हे घोंगडं भिजतच पडलंय. मी सगळी तयारी करून बसलेय. नवं मशीन दुकानात आणून डोळे तपासायच्या खोलीत अक्षरांच्या पाटीखाली ठेवलंय. गिऱ्हाईकं पाटी वाचता वाचता त्याच्याकडे बघतात आणि विचारतात, काय हो, म्हातारपणी गेम खेळता? मी म्हणते, हो, तुम्ही दुसरी ओळ वाचा.

तलवारी, खजिने, राक्षस तुम्हालाच लखलाभ होवोत. मला फक्त एका दारातून आत जायचंय. माझा भुंगा गेला तेव्हा माझ्या डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं आणि डॉक्टरांनी विमान बंद केलं होतं. जन्मभर लोकांना डोळे दिले आणि ऐन वेळी माझाच डोळा आडवा आला. कंपनीतल्या त्याच्या टेबलावर डोकं ठेवून तो गेला, तेही मी तुझ्याकडून ऐकलं. त्याच्या आधीच्याच आठवड्यात तो मला म्हणाला होता की खेळात त्याने आपलं इथलं घर बांधलंय, तुला विमानाची गरज नाही, नुसती ये, दार उघडं ठेवतो. आमचं शेवटचं बोलणं ते. मग मला जायला नको?

आमच्या घरचा नियम तुला माहीतच असेल. शेवटी येईल त्याने कडी घालायची, तोवर दार नुसतं लोटलेलं. दुकानामुळे शेवटची बहुतेक वेळा मीच. हा अंथरुणात गुणगुणत पडायचा, म्हणून तर भुंगा. कडी वाजली की गुणगुण बंद, आणि पोरगं गाढ झोपलेलं.

तू त्या घरापर्यंत जाऊन आलीस का? कसं आहे ते कळव, पण सगळं सांगू नकोस.

लोभ आहे तेवढा पुरे, पत्राची लांबी मात्र वाढव.
तुझी,
आई

ता. २६ फेब्रुवारी

ती. आईंस,
सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला. प्रयोगशाळेत कवळ्यांची गर्दी आहे. दिवसभर टेबलावर दुसऱ्यांचे दात मांडलेले असतात आणि ते सगळे माझ्याकडे बघून हसत असतात. तुम्ही डोळे देता, मी दात देते. कान देणारं कुणी मिळालं तर आपण पूर्ण तोंडवळाच विकायला काढू, असं भुंगा म्हणायचा, आठवतं?

घर मी पाहिलंय. खेळातल्या बंदराच्या गावात, दोऱ्या वळणाऱ्यांची गल्ली संपते तिथे. दोन दगडी पायऱ्या, हिरवं दार, आणि खिडकीत दोरीला टांगलेल्या चष्म्याच्या रिकाम्या फ्रेमा. वारा आला की त्या एकमेकींवर आपटतात. तुमचं घर मी कधी पाहिलेलं नाही, पण तुमचं चुकायचं नाही.

आता लिहू की नको, असं वाटत होतं ते लिहिते. दार चार बोटं उघडं असतं. त्याच्या शेजारच्या टेबलावर बसणारी, खेळात सगळे आवाज घालणारी बाई मला भेटली. आमच्याकडे सगळे तिला आवाजवालीच म्हणतात. ती सांगत होती की कंपनीतल्या लोकांनी ते दार किती वेळा तरी बंद करून पाहिलं. संध्याकाळी बंद असतं, दुसऱ्या दिवशी पुन्हा चार बोटं उघडं. बाहेर कंपनी तांत्रिक कारण म्हणून सांगते, पण खेळ अडलाय तो त्या दारापाशी. बाहेरच्या देशांत फुटकं घर पाठवायचं नाही, असं वरच्यांचं म्हणणं.

आणि आतून गुणगुण ऐकू येते. आवाजवाली म्हणते, त्या घरात तिने एकही आवाज घातलेला नाही. खेळणारे लोक लढाया सोडून त्या गल्लीत येतात, भिंतीला टेकून उभे राहतात आणि ऐकतात. उंबऱ्यापर्यंत जातात आणि मागे फिरतात. का, ते त्यांनाही सांगता येत नाही.

आई, ती गुणगुण त्याचीच आहे. दाढी करताना न्हाणीघरातून यायची तीच. मधे श्वास घ्यायला थांबतो, तिथेच थांबते. कामावरून आले की मी त्या पायरीवर जाऊन बसते. मला वेड लागलंय असं समजू नका.

आवाजवालीने विचारलं की दाराबद्दल काही माहीत आहे का. मी नाही म्हणाले.

डोळ्यांना जपा. तुमची माया आहे तशीच असू द्या.
तुमची,
सून

ता. १३ मार्च

चि. सूनबाईस,
अनेक आशीर्वाद वि. वि.

वेड तुला लागलेलं नाही, लागलं असेल तर आपल्या दोघींना लागलंय. पत्र वाचून मी चष्मा काढून ठेवला. आपल्या खिडकीतली फ्रेमांची दोरी त्याच्या बापाने बांधली होती.

आता मुद्द्याचं. आवाजवालीला तू नाही का म्हणालीस? माझा जन्म पाटीसमोर माणसं बसवण्यात गेलाय. काहींना अक्षर दिसत नसतं आणि ते दिसतं म्हणतात. काहींना दिसत असतं आणि ते नाही म्हणतात. दोन्ही जातींची माणसं मला पापणीवरून कळतात, आणि तू दुसऱ्या जातीची आहेस. दार का लागत नाही ते तुला पहिल्या दिवशीच कळलं होतं. मी आत गेले, कडी घातली, तर गुणगुण थांबेल. म्हणून खेळ इकडे येऊच नये असं तुला वाटतंय. खरं की नाही?

रागावत नाही. मीही तुझ्या जागी असते तर पायरी सोडली नसती. पण सूनबाई, तुला त्यात नवऱ्याचा आवाज ऐकू येतो. मला जागं पोर ऐकू येतं. वर्ष झालं, त्याला झोप लागलेली नाही गं.

माझंही ऐक. तो गेल्यापासून मीही घराच्या पुढच्या दाराला कडी घालत नाही, नुसतं लोटते. शेजारचा कुलूपवाला रोज कानीकपाळी ओरडतो की एक दिवस चोर येऊन सगळं धुऊन नेतील. नेऊ देत, जुने चष्मे नेतील आणि धडपडतील. शेवटची मी नाही, तो यायचाय, असं आपलं वाटत राहतं. तो येणार नाही हे मला कळतं, पण वळत नाही.

काय करायचं ते तू ठरव. जबरदस्ती नाही.

रागावलीस तरी पत्र लिही, रागाचंही चालेल.
तुझी,
आई

ता. २ एप्रिल

ती. आईंस,
सा. न. वि. वि.

रागावले होतेच. एक उत्तर लिहून फाडलं. त्यात तुमच्याबद्दल वाईटसाईट बरंच होतं, फाडलं ते बरं झालं.

मग आवाजवाली स्वतः प्रयोगशाळेत आली. कवळ्यांच्या रांगेसमोर स्टुलावर बसली आणि म्हणाली की वरच्यांनी ठरवलंय, घर पाडायचं. बाहेरच्या देशांत जाणाऱ्या खेळात तिथे साधी भिंत उभी करायची आणि मग आमच्याकडचंही घर काढून टाकायचं. भुंग्याने बांधलेली एक खिडकीसुद्धा उरणार नाही. माझ्या हातातला दात खाली पडला. झाकली मूठ झाकून ठेवण्यात माझीच मूठ रिकामी होणार होती.

तिला सगळं सांगितलं. कडी, दुकान, शेवटी येणारं माणूस. ती हसेल असं वाटलं होतं, पण ती हसली नाही. कानाला यंत्र लावून रोज ती गुणगुण तीच ऐकत होती ना. एवढंच म्हणाली की तरीच ती दर थोड्या वेळाने थांबते, कुणाची चाहूल घेतल्यासारखी.

वरच्यांशी भांडून तिने एक दिवस मिळवलाय. एकोणीस एप्रिलला खेळ सगळीकडे सुरू होईल आणि तेवढा एक दिवस घर तसंच राहील. दार बंद झालं आणि बंद राहिलं तर घर वाचलं. नाहीतर भिंत.

तुम्ही तेवढं चालायला शिका. बाणांची बटणं दाबायची, माऊस हलवला की मान वळते. मी पायरीवर असेन. मला भीती वाटते, आई. घर जाण्याची वाटते आणि घर राहून आतला आवाज जाण्याचीही वाटते.

आशीर्वाद असू द्या, त्या दिवशी जास्तच.
तुमची,
सून

ता. २० एप्रिल

ती. आईंस,
सा. न. वि. वि.

काल तुम्ही आत होतात, मी बाहेर, म्हणून बाहेरून काय दिसलं ते लिहून पाठव म्हणालात. लिहिते.

आधी तर तुम्हाला ओळखलंच नाही. गल्लीच्या तोंडाशी एक दाढीवाला, खांद्यावर कुऱ्हाड घेतलेला आडदांड गडी भिंतीला कपाळ लावून चालायचा प्रयत्न करत होता. भिंत सरकेना आणि गडी थांबेना. बाजूला उभे असलेले लोक हसायला लागले, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आई, निवडायला एवढी माणसं होती, तुम्हाला कुऱ्हाडच बरी सापडली!

मग तुम्ही वळलात. खिडकीतल्या फ्रेमा वाजत होत्या, तिकडे बघत उभ्या राहिलात. मी पायरीवर बाजूला सरकले. तुम्ही उंबरा ओलांडलात. वर्षभरात कुणी ओलांडला नव्हता. दार मिटलं, आतून कडी वाजली, आणि गल्लीतले सगळे दाराकडे वळले.

गुणगुण थांबली नाही.

कडी आपोआप निघाली आणि दार पुन्हा चार बोटं उघडलं. तुम्ही परत घातलीत, परत निघाली. मला आनंद झाला, आई. खोटं कशाला सांगू, आधी आनंद झाला, मग भिंत आठवली.

तेवढ्यात तुमचा फोन आला आणि तुम्ही नेहमीसारख्या ओरडलात. म्हणालात की अगं भवाने, घरातलं माणूस बाहेर पायरीवर बसलंय आणि मी कडी घालतेय, ती लागेल कशी! मी इकडेतिकडे बघितलं. तुम्ही कुणाबद्दल बोलताय ते मला खरंच कळेना. लग्न इकडेच झालं, तुमच्या घराचा उंबरा मी कधी पाहिला नाही. त्या घरात मोजायच्या माणसांत मी आहे, हे माझ्या मनातच आलं नव्हतं. तुमच्याही आलं नव्हतं, कबूल करा. त्याच्या मात्र आलं होतं.

मी उठले आणि आत आले. शेवटची मी होते, म्हणून कडी मी घातली.

पुढचं तुम्ही ऐकलंतच. गुणगुण एका सुराच्या मधेच थांबली. मग आतल्या खोलीत कुणीतरी कूस बदलली. खाट करकरली ती मला ऐकू आली, तुम्हालाही आली, आणि आवाजवाली सांगते की तिलाही आली. आतल्या खोलीत तर त्याने खाट ठेवलेलीच नाही.

आज दार बंद आहे. वरच्यांनी भिंतीचा बेत सोडला. गल्लीत आता कुणी थांबत नाही. मी कामावरून आले, पायरीवर बसले, काही ऐकू आलं नाही. खूप रडले. मग जेवले आणि झोपले.

तुमची तब्येत कळवा. मला घरातली म्हणालात, ते विसरू नका.
तुमची,
सून

ता. २१ एप्रिल

चि. सूनबाईस,
अनेक आशीर्वाद वि. वि.

तुझं पत्र यायच्या आधीच हे लिहितेय, कारण पोटात ठेववत नाही. फोन केला असता, पण मी ओरडले असते.

परवा खेळ आटोपून घरी आले. मनात म्हटलं, आता तो झोपला, आजपासून पुढच्या दाराला कडी घालायला हरकत नाही. दारापाशी गेलेसुद्धा, पण हात काही उचलवेना. नुसतं लोटून अंथरुणावर पडले. किती तरी महिन्यांनी अशी झोप लागली की उन्हं तोंडावर आली तेव्हा जाग आली.

उठून बघते तर दाराला आतून कडी.

मी घातली नव्हती, सूनबाई. झोपेत चालायची मला सवय नाही, आणि घरात दुसरं कुणी नाही. शिवाय मी कडीची मूठ खाली पाडते. त्याच्या बापाचीही तीच पद्धत होती. ही वर ठेवलेली आहे, लहानपणी चवड्यांवर उभा राहून तो ठेवायचा तशी. त्यावरून मी त्याला किती बोलले असेन. कुलूपवाल्याला बोलावून दाखवलं. त्याने कडी बघितली, माझ्याकडे बघितलं आणि चहा न घेता गेला.

मी आपली विचार करत बसलेय. तिथलं दार आपण दोघींनी लावलं आणि त्याला वाटलं असेल की चला, तिथलं काम झालं. मग निघाला असेल. उशीर झाला एवढंच, पण नियम काही विसरला नाही.

डॉक्टरांनी विमानाला परवानगी दिली आहे, पण आता मी येणार नाही. तूच ये. कवळ्या काही दिवस हसत बसतील. घर बघून घे, नुसत्या फ्रेमांवरून काय कळतं.

माया तर आहेच, आता माणूसही येऊ दे.
तुझी,
आई

ता. क. पुढची कडी मी अजून काढलेली नाही, मागच्या दाराने ये-जा करते. तू मात्र पुढच्या दाराशी ये आणि बाहेरची कडी वाजव. कोण उघडतं ते बघू.